शिट्टीच्या आधीचा नमस्कार

धावायच्या आधी जमिनीला हात लावून तो कपाळाला लावायचा, हे मला बाबांनी शिकवलं. कधी शिकवलं ते आठवत नाही. बहुतेक मी चालायला लागले तेव्हाच. बाबा डिलाईल रोडच्या आमच्या मंडळातून कबड्डी खेळायचे. चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत माती चाळून, पाणी मारून मैदान केलेलं असायचं, आणि त्याच्या चुन्याच्या रेषेजवळ मी गेले की ते मला थांबवायचे.

‘रस्त्यावरसून इलंस ना? मगे रस्तो भायर ठेव. हात लाव आधी.’

म्हणजे रस्त्यावरून आलीस तशी आत यायचं नाही. बाबा बाहेर सगळ्यांशी साधं मराठी बोलतात, बँकेत साहेबांशी तर फारच जपून बोलतात. पण माझ्याशी आणि मैदानावर त्यांची मालवणीच येते. ते बँकेत शिपाई आहेत. त्यांचे वडील गिरणीत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि परदेशात गेलेली तर आमच्या अख्ख्या मजल्यावर पहिली. हे मी मोठेपणाने सांगत नाही. पहिलं असलं की विचारायला कोणी नसतं, एवढंच त्याचं मला कळलेलं आहे.

बाबांचा उजवा गुडघा मी सहावीत असताना गेला. पकडीत कोणीतरी त्यावर पडलं आणि मग तो नीट वाकलाच नाही. खेळ थांबला तसं त्यांनी मला सकाळी स्कूटरवर मागे बसवून शिवाजी पार्कला न्यायला सुरुवात केली. शाळेच्या शर्यतीत मी पहिली आले होते, तेवढंच निमित्त. ते गेटजवळ उभे राहायचे, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरायचे आणि म्हणायचे, ‘हात लाव. जा.’ मी नेट लावून खेळणाऱ्या क्रिकेटवाल्यांना चुकवत, चालणाऱ्या आजी-आजोबांच्या बाजूने वाट काढत दोन फेऱ्या मारून त्याच गेटशी यायची. ते सेकंद सांगायचे. चांगले असले तर नुसते सेकंद. वाईट असले तर सेकंद आणि वर, ‘काल वडापाव कोणी खाल्लान?’

पुढे मी आठशे मीटर धावायला लागले. मुंबईतल्या कॉलेजांच्या शर्यतींत माझ्यासारखे हात लावणारे पुष्कळ असायचे. पिस्तूल घेऊन उभे राहणारे एक सर होते, ते ओळीवरून नजर फिरवायचे आणि विचारायचे, ‘झाला का सगळ्यांचा नमस्कार? आता बंदूक उडवू का?’ त्यामुळे त्या नमस्काराचीही काही वेळ असते, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

मग मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी सांख्यिकी शिकायला इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात गेले. दोन वर्षांसाठी. पहिल्या आठवड्यात मी कोणाशी बोलले असेन तर खिडकीशी. दुसऱ्या आठवड्यात विद्यापीठाच्या धावण्याच्या संघाची चिठ्ठी फलकावर दिसली आणि मी जाऊन उभी राहिले. संघाच्या प्रशिक्षक एक पन्नाशीच्या बाई होत्या, केस बारीक कापलेल्या, बोलायला कमी. त्यांनी मला दोनदा धावायला लावलं आणि म्हणाल्या, मंगळवारी ये.

तिथला ट्रॅक लाल रबराचा. मी फोनवर बाबांना सांगितलं, ‘इथे मातीच नाही. रबराला काय नमस्कार करायचा?’

‘पायाखाली जा काय आसा तेका,’ ते म्हणाले. ‘माती असली काय, रबर असला काय.’

म्हणून मी करत राहिले. सरावाला आणि हिवाळ्यातल्या छोट्या शर्यतींनाही. सुरुवातीच्या रेषेच्या थोडं मागे आम्हाला उभं करतात, तिथेच मी पटकन वाकून हात लावून घ्यायची. कोणी काही म्हटलं नाही. एका मुलीने एकदा विचारलं, काही पडलं का तुझं? मी नाही म्हटलं आणि हसले.

मे महिन्यात आमच्या विद्यापीठाची निवडीची शर्यत होती. त्यातून दोघी जणी देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला जाणार होत्या. माझी वेळ तेव्हा संघात दुसरी होती. मी घरी सांगून बसले होते. सांगायला नको होतं, पण सांगितलं. त्यामुळे शनिवारी दुपारी तिकडे मी कपडे बदलत होते तेव्हा इकडे संध्याकाळ झाली होती आणि आमच्या गॅलरीत बाबा, आई आणि बाबांसोबत खेळलेले मंडळातले एक काका फोन पुढ्यात घेऊन बसले होते. माझ्यासोबत राहणारी मुलगी कठड्याशी उभी राहून व्हिडिओ कॉल धरणार होती. मी फोन तिच्या हातात देताना काका म्हणत होते, ‘अरे, सगळ्या घोड्यासारख्या उंच आहेत रे. हिची मान तरी दिसेल का?’

‘गप रे,’ बाबा म्हणाले. ‘पाय बघ. मान कित्याक बघतंस?’

त्या दिवशी वारा फार होता. मी शेवटपर्यंत ट्रॅक पँट काढली नव्हती आणि काढायला गेले तर तिची घोट्याजवळची चेन बुटाच्या खिळ्यांत अडकली. बाकी सात जणी मागच्या रेषेवर उभ्या होत्या आणि मी एका पायावर उड्या मारत होते. चेन सुटली, मी धावत माझ्या लेनमध्ये आले, आणि त्याच क्षणी ‘ऑन युवर मार्क्स’ म्हटलं गेलं. सगळ्या पुढे सरकल्या. मीही सरकले. पण माझा नमस्कार राहिला होता. मी काही विचार केला नाही. हात आपोआप खाली गेला, रबराला लागला, कपाळाला लागला.

पिस्तूल वाजलं नाही. सुरुवात करून देणाऱ्या माणसाने सगळ्यांना सरळ उभं राहायला सांगितलं. एक पंच माझ्याजवळ आले, पिवळं कार्ड दाखवलं आणि काहीतरी बोलले. वारा, त्यांचं त्या भागातलं भरभर इंग्रजी आणि माझ्या कानात वाजणारं माझंच काळीज. मला एकही शब्द कळला नाही. मी मान डोलावली.

हे मला इथे लिहायलाच हवं. न कळता मान डोलावणं ही त्या पहिल्या वर्षातली माझी सवय होती. वर्गात, दुकानात, बसच्या ड्रायव्हरपुढे. पुन्हा विचारलं तर मी इथली नाही हे उघडं पडेल असं वाटायचं, जसं काही ते एरवी झाकलेलं होतं. कित्येकदा चुकीच्या थांब्यावर उतरून चालत गेले आहे. तिथे चालत जाता येतं. ट्रॅकवर येत नाही.

मला वाटलं, मी हलले असेन. बंदुकीआधी शरीर पुढे गेलं असेल. आता दगडासारखं उभं राहायचं. आम्ही पुन्हा मागे गेलो, पुन्हा ती हाक आली, मी पुढे सरकले. आणि मी इतकी घाबरलेली होते, की घाबरल्यावर लहानपणापासून जे करत आले तेच केलं. वाकले आणि हात लावला. या वेळी नुसता नमस्कार नव्हता, माफी मागितली होती. चुकले, आता धावू दे, असं मनात म्हटलं.

मग लाल कार्ड.

मी कठड्यापलीकडे जाऊन उभी राहिले आणि सात जणी माझ्याशिवाय धावल्या. दोन मिनिटांचा खेळ. मी माझी रिकामी लेन बघत होते. प्रशिक्षक बाई आल्या, त्यांनी माझ्या खांद्यावर कोट टाकला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. चारशे मीटरहून लांबच्या शर्यतीत ती हाक आल्यानंतर हात जमिनीला लागलेला चालत नाही. तुला पहिल्यांदा तेच सांगितलं होतं. तू मान डोलावलीस.

‘का लावलास हात?’ त्यांनी विचारलं. रागाने नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

‘सवय,’ मी म्हटलं. याहून मोठं वाक्य त्या वेळी मला जमलं नाही.

फोन धरलेली मैत्रीण जवळ आली. तिने फोन खाली, जमिनीकडे वळवून धरला होता. मला लाज वाटू नये म्हणून. तिच्या हातातून फोन घेताना माझ्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती शर्यत नव्हती. बाबांना हे कळता कामा नये. हात लाव असं त्यांनी सांगितलं आणि मी लावला म्हणून मला बाहेर काढलं, हे त्यांनी ऐकलं तर ते काही बोलणार नाहीत. नुसते आत जाऊन बसतील. खेळ गुडघ्याने हिरावून घेतल्यावर त्यांच्याकडे मला द्यायला जे उरलं होतं, त्यातलं हे एक होतं.

‘काय झाला गो?’ बाबा.

‘पायात गोळा आला, बाबा. सुरू व्हायच्या आधीच. म्हणून बाजूला झाले.’

काका काहीतरी बोलायला लागले होते, ‘पण रे, ते कार्ड–’ आणि मध्येच थांबले.

‘बरा,’ बाबा म्हणाले. ‘पाय वर करून बस. पाणी पी.’

त्या वर्षी स्पर्धेला दुसऱ्या दोघी गेल्या. मी सुट्टीत ग्रंथालयात बसून राहिले. आणि आई रोज माझ्या पायाची चौकशी करायची.

‘गोळा उतरला का?’

‘उतरला गं आई, तेव्हाच उतरला.’

‘तेव्हाच उतरला तर मग धावली का नाहीस? मीठ-साखरेचं पाणी पी. केळं खा. तिकडे केळी मिळतात ना?’

जुलैत डिलाईल रोडच्याच एका मुलाबरोबर, जो लंडनला नोकरीला येत होता, बाबांनी पार्सल पाठवलं. त्याने ते पुढे पोस्टाने माझ्याकडे धाडलं. त्यात आईने केलेल्या गोड खाज्याची पुडी होती, आणि वर्तमानपत्राच्या चार घड्यांत, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर पुन्हा दोरा, अशी बांधलेली तेलाची बाटली. बाबा स्वतःच्या गुडघ्याला लावतात तेच तेल. वर चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं, ‘पायासाठी. रात्री चोळणे.’

मी ती बाटली टेबलावर ठेवली. कधी न आलेल्या गोळ्याचं तेल. उघडली नाही. उघडली तर खोलीभर घरचा वास होईल आणि मला अभ्यास सुचणार नाही, हे एक. आणि खोटं बोलून मिळवलेलं तेल पायाला लावू कसं, हे दुसरं.

सप्टेंबरात सराव पुन्हा सुरू झाला. मी जमिनीला हात लावणं बंद केलं होतं. पुढेही नाही, मागेही नाही. मला वाटलं होतं, आता आपण पहिल्यासारखं धावणार नाही. खरं सांगायचं तर तसं काही झालं नाही. माझी वेळ सुधारलीच. आणि मला त्याचं वाईट वाटलं. म्हणजे ते नसतं तरी चाललं असतं, असं कोणीतरी कानात सांगितल्यासारखं. धावून आल्यावर मी बुटांची नाडी सोडायला खाली वाकायची आणि हात आपोआप जमिनीजवळ जायचा, तो मी आवरून नाडीवर ठेवायची.

डिसेंबरात मी घरी आले. पहिले दोन दिवस आईने मला उठू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी स्कूटर काढली आणि खालून हॉर्न दिला, जसा शाळेत असताना द्यायचे. परळवरून आम्ही दादरला आलो. शिवाजी पार्क तसंच होतं. कट्ट्यावर बसून पेपर वाचणारे आजोबा, नेट बांधणारी पोरं, मैदानात हलकं धुकं की धूळ ते कळत नव्हतं. मुंबईची ती थंडी मला आता थंडी वाटेना, पण बाबांनी कानाला मफलर गुंडाळला होता.

मी गेटजवळ उभी राहिले. बाबांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. मी पुढे झुकले.

ते ‘जा’ म्हणाले नाहीत.

मी मान वळवून पाहिलं. त्यांनी घड्याळाचा हात खाली केला होता.

‘सोडलंस?’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ‘काय?’ कळलं होतं तरी.

‘हात लावूचा.’

मी काहीतरी सांगायला लागले. तिकडे ट्रॅक ओला असतो, हातमोजे असतात, सवय गेली. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, ‘माका तेव्हाच कळला गो.’

‘काय कळलं?’

‘तू वाकलंस. त्या माणसान पिवळा कार्ड काढल्यान. परत वाकलंस, लाल काढल्यान. आम्ही तिघां बघीत होतो. फोन चांगलो धरलेलो तुझ्या मैत्रिणीन.’ मग कट्ट्यापलीकडे हात करून म्हणाले, ‘दुसऱ्या दिवशी इथे इलंय. पोरांका धावणा शिकवणारे सर आसत, तेंका इचारलंय. तेंनी सांगितला, हाक इली की हात लावूचो नाय.’

म्हणजे सात महिने. मी सात महिने जे त्यांच्यापासून जपत होते ते त्यांनी दुसऱ्याच सकाळी इथे स्कूटर लावून विचारून घेतलं होतं.

‘मग तेल का पाठवलंत?’ मला पहिलं हेच सुचलं.

‘तू गोळो म्हणालंस. तुझ्या आयेक पटाक नको? तिकाव दिसला होता सगळा, पण कार्डाचा तिका काय कळता. ती म्हणत होती, पोरीच्या पायात गोळो आणि बापूस काय करणा नाय.’

मला हसू आलं आणि हसता हसता ते दुसरंच काहीतरी व्हायला लागलं. मी तोंड फिरवलं. बाजूने दोन बायका चालत गेल्या, त्यातल्या एकीने वळून पाहिलं.

‘तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही,’ मी म्हटलं. ‘तुम्ही शिकवलेलं म्हणून.’

बाबा गेटच्या गजाला हात लावून उभे होते, जसे ते गुडघा दुखला की उभे राहतात.

‘वाटला ना,’ ते म्हणाले. ‘खोटा कशाक सांगू. चार दिवस जेवण गेला नाय. पण चूक हात लावण्यात नाय गो. मी तुका हात लाव म्हणून सांगितलंय, कधी लावूचो ता सांगूक इसारलंय. आम्ही शिट्टीच्या आधी लावू. आत पाय टाकताना. शिट्टी झाली की मगे खेळ, तेव्हा नमस्कार करीत बसलो तर समोरचो पाय धरून खेचतलो.’ आणि थोडं थांबून, ‘माका वाटला, ता तुका म्हायतच आसतला.’

शिट्टीच्या आधी. एवढं साधं होतं ते. ते सांगायचं राहिलं, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. आणि माझं विचारायचं राहिलं, कारण मी मान डोलावत राहिले. त्यांच्यापुढेही, पंचांपुढेही.

‘चला,’ बाबा म्हणाले, ‘आता बरोबर करूया. खंय लावूचो? इथे. गेटार.’

आणि ते स्वतः वाकायला लागले. डाव्या पायावर भार देत, उजवा पाय मागे सरळ ठेवून, गजाला धरून. गुडघ्यामुळे हात पोचेना. बोटं जमिनीच्या चार इंच वर थांबली. मी खाली बसले, त्यांचा हात मनगटाशी धरला, आणि आम्ही दोघांनी मिळून तो मातीला टेकवला. त्यांनी तो कपाळाला लावला. मग माझ्या कपाळाला. मग मी माझा लावला. उठताना मात्र त्यांना मी दोन्ही काखांत हात घालून उचललं, तेव्हा ते कुरकुरले, ‘हळू गो. कबड्डी नाय खेळत आपण.’

आता मी तिकडे ट्रॅकच्या फाटकातून आत शिरतानाच हात लावते, कपडे बदलायच्याही आधी. प्रशिक्षक बाईंना मी एकदा सगळं नीट सांगितलं, मोठ्या वाक्यांत. त्यांनी ऐकलं, आणि तेव्हापासून फाटकाशी त्या माझ्यासाठी थोड्या थांबतात. निवडीची शर्यत पुन्हा मे महिन्यात आहे. काय होईल ते सांगता येत नाही, नवीन आलेली एक मुलगी फारच वेगात धावते. घरी मी या वेळीही सांगून ठेवलं आहे. तेलाची बाटली उघडली आहे. खोलीला वास येतो, अभ्यासही होतो.

डिसेंबरातल्या त्या सकाळी मी दोन फेऱ्या मारल्या. नेटवाल्या पोरांनी एकदा ओरडून बॉल येतोय म्हणून सांगितलं, मी वाकून चुकवला. सात महिन्यांत पहिल्यांदा मला धावताना पायाखाली काय आहे ते कळत होतं, किंवा तसं वाटत तरी होतं. गेटशी येऊन मी गुडघ्यांवर हात ठेवून दम घेत उभी राहिले. बाबा घड्याळाकडे बघत होते.

‘किती?’ मी विचारलं.

‘गेल्या वर्षीपेक्षा आठ सेकंद जास्त,’ ते म्हणाले. ‘तिकडे काय खातंस काय?’